बाबांच्या टिलरचा आवाज

हाताला डिझेलचा वास आला की ती दुपार आठवते. बाबा गेल्यावर वर्षभर पडून असलेला त्यांचा पावर टिलर मी स्वतःच खोलला होता. जोडून झाल्यावर तीन नट उरले, ते गुपचूप खिशात घातले. तरी गडी सुरू झाला! आईला चकित करायचं म्हणून धानाच्या बांधीतून थेट अंगणात आणला.

तोच जुना खडखडाट ऐकून आई, बाबा शेतातून आले की पाय धुवायला आणायची तसा, पाण्याचा गडवा घेऊन धावत बाहेर आली. "आज लवकर आले जी?"

मग तिला मी दिसलो.

"तू हाय का रे, बापू," म्हणाली, आणि ते पाणी माझ्याच पायांवर ओतू लागली. आणि मी येडा शाबासकीची वाट पाहत उभा होतो.