दमा लिहायचा की नाही

मला पंचवीस पूर्ण झाली त्याच आठवड्यात दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर. मी तेव्हा सोलापुरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ज्वारीच्या काणी या बुरशीच्या रोगावर पीएच.डी. करत होते.

"पोरी, कारखान्याच्या विम्यातनं तुजं नाव उडालं बघ," दादा म्हणाले. "पंचवीस झाली की पोरं कमवती धरत्यात म्हणं."

"पण मी तर शिकतेय."

"व्हय, मी बी तेच बोललो. सायेब म्हनला, नियम हाय."

खरं तर मी हसून विसरले असते. पण काणीची ती काळी भुकटी नाकात गेली की माझी छाती भरून यायची. लहानपणापासून दमा. फार नाही, पण वर्षातून एकदा तरी डॉक्टरची पायरी चढायला लावायचाच. विम्याशिवाय राहणं मला झेपणारं नव्हतं.

आधी विद्यापीठाच्या कार्यालयात गेले. तिथल्या क्लार्कनं आनंदानं सांगितलं, "आहे की विमा! सगळ्या विद्यार्थ्यांचा आहे. अपघाताचा."

"आणि आजारी पडले तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "मग दवाखान्यात जा की."

मामांना कळलं तेव्हा ते आयुर्विम्याची पुस्तिका घेऊन आले. मी म्हटलं, "मामा, हे पैसे मी गेल्यावर मिळणार. मला जिवंतपणी पाहिजेत." आत्याचा उपाय आणखी सोपा होता. लग्न करायचं आणि नवऱ्याच्या पॉलिसीत नाव घालायचं. दम्यापेक्षा मला तो उपाय जास्त जड वाटला.

मग इंटरनेटवर विम्याच्या एका साइटवर नंबर टाकला आणि पस्तावले. दुसऱ्या दिवशी मी हातमोजे घालून काचेच्या ताटल्यांत बुरशी लावत होते आणि फोन थांबेना. शेवटी मैत्रिणीनं तो माझ्या कानाला धरला. "मॅडम, व्यवसाय?" विद्यार्थिनी. "वय?" पंचवीस. पलीकडून टाइप केल्याचा आवाज. मग हळूच, "वडिलांशी बोलू का?"

मैत्रीण हसून हसून खाली बसली. ती माझी हॉस्टेलमधली खोलीसोबती, सोलापूरच्याच पूर्व भागातल्या विणकर घरातली. तीच म्हणाली, "आमच्या गल्लीत एक अक्का आहे. विम्याचं काम करते. फोन करत नाही कुणाला, लोकच तिच्याकडे जातात."

रविवारी गेलो. पुढच्या खोलीत जिथे पूर्वी माग होता तिथे आता टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींचं कपाट. अक्का पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेली. आधी चहा दिला, मग फॉर्म काढला. उत्पन्नाच्या रकान्यापाशी मी अडखळले.

"फेलोशिप मिळते ना? मग ती लिही. उशिरा येते म्हणून काय ती भीक आहे?"

फॉर्म भराभर पुढे सरकला. मग तिनं विचारलं, "आधीचा काही आजार?"

मी मैत्रिणीकडे पाहिलं. दादांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, दम्याचं बोलू नगंस, हप्ता वाढवतील. मी विचारलं, "लिहायलाच पाहिजे का?"

अक्कानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे आहे. काय आहे?"

"दमा. पण अगदी थोडा."

"मग थोडा दमा लिहू. नाही लिहायचा तर मी फॉर्म भरत नाही."

ती रागावली नव्हती. तिनं सरळ सांगितलं की काही वर्षांपूर्वी नवऱ्याचा विमा काढताना त्याचं ब्लडप्रेशर तिनंच लपवलं होतं. पुढे त्याला अॅडमिट करायची वेळ आली, जुने कागद निघाले आणि कंपनीनं दावा नाकारला. "नवरा वाचला माझा. माग विकला गेला. तेव्हा मी ती पॉलिसी पहिल्यांदा वाचली, शेवटच्या पानापर्यंत. मग वाटलं, एवढं वाचलंयच तर एजंटची परीक्षाही देऊन टाकू." आणि ती स्वतःच खळखळून हसली.

मी तिथूनच दादांना फोन लावला. ते ऐकेनात. अक्कानं फोन मागून घेतला. "अण्णा, तुम्ही मशीन दुरुस्त करता ना? नट सैल आहे हे लपवून मशीन चालू केली तर?"

फोनमधून दादांचं खाकरणं मलाही ऐकू आलं. मग म्हणाले, "लिवा मग, ताई. समदं लिवा."

कंपनीनं तपासणीला बोलावलं. एका नळीत जोरात फुंकायचं होतं. तिथला तंत्रज्ञ लग्नातल्या बँडवाल्याला सांगावं तसा ओरडत होता, "अजून! अजून! सोडू नका!" मी फुंकताना हसले आणि तीनदा पुन्हा फुंकावं लागलं. पॉलिसी आली. दम्यासाठी तीन वर्षं थांबायचं, बाकी आजारांना महिन्याभरानंतर संरक्षण. वर्षाचा हप्ता माझ्या मेसच्या जेमतेम तीन महिन्यांच्या पैशांइतका. मला तो परवडला.

चार महिन्यांनी मला डेंग्यू झाला. तापानं फणफणत मैत्रिणीच्या स्कूटीवरून दवाखान्यात पोचले, तिथे दाखल करून घेतलं. डॉक्टरांनी केसपेपरवर सवयीनं लिहिलं, जुना दमा. झालं, विमा कंपनीचा प्रश्न आला: हा आजार पॉलिसी घेताना सांगितला होता काय?

मैत्रिणीनं अक्काला फोन केला. अर्ध्या तासात फॉर्मच्या त्या पानाचा फोटो दवाखान्याच्या विमा खिडकीवर पोचला आणि मागोमाग अक्काही, हातात डाळिंबांची पिशवी घेऊन. संध्याकाळी मंजुरी आली. खिडकीवरची मुलगी वर येऊन सांगून गेली तेव्हा आईसोबत गावाहून आलेले दादा माझ्या पायाशी स्टुलावर बसले होते. ते उठून उभेच राहिले. मग अक्काकडे वळले.

"ताई, तुमी जेवलात का?" एवढंच ते म्हणाले.

आईनं डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मला त्यातलं फक्त दही मिळालं. बाकीचे चौघे कॉटभोवती असे जेवायला बसले, जणू शेतात हुरड्याला आलेत. नर्स दोनदा रागावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा अक्कानं तिच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि चटणी ठेवली. तिनं ती उभ्या उभ्याच खाल्ली आणि म्हणाली, "पेशंटला देऊ नका हं, तिखट आहे."

चौथ्या दिवशी मला घरी सोडलं. गावी आठवडाभर नुसती झोपले. परत आले तेव्हा माझ्या बुरश्या मैत्रिणीनं जिवंत ठेवल्या होत्या, काही तर माझ्यापेक्षा चांगल्या वाढवल्या होत्या. आणि हॉस्टेलच्या दारात तीन मुली उभ्या होत्या, तिघींनाही पंचवीस होत आलेली. त्यांना अक्काचा पत्ता हवा होता.