पटाशी आणि नसलेला फर्मा

धाकटीला आज दोन नातवंडं आहेत, गुडघे कुरकुरायला लागलेत, तरी बाइंडिंगच्या कारखान्यात ती धाकटीच. आली तेव्हा टेबलावरच्या सात बायकांत सगळ्यांत लहान होती, एवढंच त्याचं कारण. पुढे तिच्याहून लहान कितीतरी आल्या नि गेल्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

काम असं असायचं. छापखान्यातून मोठाले कागद येत. एका कागदावर सोळा पानं. हाडाच्या पट्टीने दाबून घड्या घातल्या की त्याचा फर्मा होई. फर्मे क्रमाने लावायचे, म्हणजे जुळणी. मग शिलाई, खळ, पुठ्ठा. यात हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी. सात बायकांची तोंडं मोकळी राहिली की दुपारपर्यंत भांडण ठरलेलं. म्हणून थोरलीने शब्दांची साखळी सुरू केली होती. एकीने शब्द टाकायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचीने उचलायचा, तोही हातातली घडी पुरी व्हायच्या आत.

थोरली टेबलाची मुख्य. जुळणी तिची. तीस वर्षांत तिच्या हातून एक पान मागेपुढे झालं नाही, असं ती स्वतःच सांगे आणि कुणी नाही म्हणत नसे. खेळात माणसांची नावं बाद, एकदा आलेला शब्द बाद. बाकी वाद मिटवायला तिच्या खुर्चीमागे जाडजूड शब्दकोश असे. कव्हर उलटं चिकटलं म्हणून नाकारलेली प्रत होती ती, तिनेच बांधलेली. त्यात असेल तो शब्द, नसेल ती बडबड. ‘हुश्श’ हा शब्द की नुसता उसासा, यावर एकदा अख्खी दुपार गेली होती.

धाकटी सातवी शिकलेली. लग्न झालं आणि दप्तर सुटलं. सासूबाई स्वतः अंगठेबहाद्दर, पण डोक्याने पक्क्या. त्यांनी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म आणून तिच्यापुढे ठेवला. “पोर मी सांभाळते. तू बस. शनिवारी शेवटचा दिवस आहे, मग मला सांगू नकोस राहून गेलं म्हणून.” धाकटीला गणिताची धास्ती होती, इंग्रजीची त्याहून जास्त. भरवसा होता तो एका मराठीचा. तेवढ्या बळावर ती हो म्हणाली.

त्याच आठवड्यात सोमवारी खेळ रंगला होता. खळ लावणाऱ्या बाईने, सगळ्या तिला खळवालीच म्हणत, शब्द टाकला, “साप.”

धाकटीने घडी दाबत म्हटलं, “पटाशी.”

“ही कुणाची मावशी?” खळवाली म्हणाली. टेबल खिदळलं.

“सुताराचं हत्यार आहे. लाकडात खाच पाडायला. माझे वडील सुतार होते, मी हातात द्यायची त्यांच्या.”

“घरात आपण काहीही म्हणतो गं. आमचे हे चष्म्याला ‘ते’ म्हणतात.”

थोरलीने कोश उघडला. पानाच्या तळापर्यंत बोट नेलं. “पट आहे. पटकन आहे. पटाशी नाही. बाद.”

“पण खरंच असते हो, थोरल्या बाई.”

“असेल. शब्द नाही.”

खेळ पुढे गेला. धाकटी गेली नाही. घरचे आपले शब्द हे शब्दच नव्हेत, मग परीक्षेत मराठीच्या पेपरात लिहायचं काय? आपल्याला येतं ते सगळं असंच निघालं तर? तिने फॉर्म गादीखाली सारला. साखळीत पाळी आली की ती मान हलवी. सासूबाईंनी दोनदा विचारलं, तिने दोनदा विषय बदलला.

गुरुवारी छापखान्यातून कागदच आला नाही. रिकामं बसणं थोरलीच्या जिवावर येई. कोश उघडून उघडून खिळखिळा झाला होता, तो उसवून पुन्हा शिवावा म्हणून तिने घेतला. पुस्तक उसवलं की फर्मे मोजायचे, ही हाताची सवय. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. छत्तीस झाला. पुढे अडतीस.

तिने तीनदा मोजलं. मग चष्मा पुसून वाचलं. पान ‘पटकन’वर संपत होतं आणि समोरचं ‘पदर’वर सुरू होत होतं. मधली सोळा पानं नव्हतीच. सहा वर्षं त्या कोशाने निवाडे दिले, आणि जन्म बाइंडिंगमध्ये गेलेल्या सात बायकांपैकी एकीलाही कळलं नाही की पुस्तकाचं पोट रिकामं आहे. कळणार कसं? पतंग, पत्ता, पडदा कोशात बघायला कोण जातं?

थोरली कुणाशी बोलली नाही. शुक्रवारी छापखान्यात जाऊन तिने धड प्रत पाहिली. शनिवारी सकाळी ती पत्ता विचारत धाकटीच्या घरी तीन जिने चढून आली आणि दारातच धापा टाकत म्हणाली, “पटाशी आहे. स्त्रीलिंगी. सुताराचं हत्यार. माझ्या जुळणीत फर्मा राहिला. चूक माझी.”

सासूबाई आतून बाहेर आल्या. “म्हणजे यापायी हिने तोंड मिटलं होतं? आणि फॉर्म?”

“कसला फॉर्म?” थोरलीने विचारलं.

सासूबाईंनी गादी उचलून फॉर्मच पुढे केला. थोरलीने तो वाचला, घडी बघून नाक मुरडलं, तळहाताने सरळ केला. “आज शेवटची तारीख आहे. चप्पल घाल.”

“पण कोशात नसताच तर?” धाकटीने विचारलं. तिच्या मनातलं खरं तेच होतं.

थोरलीने फॉर्म तिच्या हातात दिला. “तर कोश अडाणी. तुझ्या हातातून वस्तू गेली होती, माझ्या हातातून फक्त कागद. मी त्या दिवशी तुला ती कशी दिसते एवढं तरी विचारायला हवं होतं. चल आता, खिडकी एकला बंद होते.”

दोघी रांगेत उभ्या राहिल्या. पुढचा माणूस रेंगाळला तर थोरली त्याला बोलली.

सोमवारी तिने टेबलावर सगळ्यांसमोर चूक सांगितली, तेव्हा खळवालीने हातातला ब्रश खाली ठेवला. “माझी ‘पडशी’, ती खांद्यावरची झोळी, चार वर्षांपूर्वी बाद केली होतीत. मी विसरले नाहीये.” तीही द्यावी लागली. मग नियम बदलला: कोशात नसेल तो शब्द बोलणारीने टेबलाला समजावून सांगायचा, पटला तर चालला.

धाकटी पास झाली, पुढे बारावीही. आज जुळणी तिच्याकडे आहे. थोरली जाऊन बरीच वर्षं झाली. तिची आठवण निघाली की धाकटी पहिल्यांदा ते तीन जिने सांगते. शब्द खरा ठरला याचा आनंद झालाच. पण एवढी मानी बाई चूक कबूल करायला आपल्या दारात आली, तेवढ्यावर आपण आयुष्य काढलं, असं ती म्हणते.

दहावीचा निकाल घेऊन ती धावत टेबलापाशी आली होती. मराठीत एकोणसत्तर. थोरलीने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, “उरलेले एकतीस कुठे ठेवलेस?”

“शोधते,” धाकटी म्हणाली, आणि तिच्या शेजारी घड्या घालायला बसली.