उतारावरचं बटण

अण्णांचा डावा गुडघा अण्णांच्या आधी दोन वर्षं निवृत्त झाला. एसटीचा क्लच दाबून दाबून तो झिजला, असं ते स्वतः सांगत. आई म्हणायची, तिकडंच झिजला असणार, घरात तर तो कधी हललेला मी पाहिला नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. पुढं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी क्लचची गाडी यापुढं चालवायची नाही म्हणून बजावलं, आणि अण्णांची जेवणावरची वासनाच उडाली.

सोलापुरात माझा मांडव आणि जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा आहे. जनरेटर दोन चाकी गाड्यावर बसवलेला असतो, तो पिकअपच्या मागं जोडायचा आणि लग्न असेल त्या गावाला ओढत न्यायचा. जुनी पिकअप चढावर रडायला लागली, तेव्हा मी एका बिल्डरकडून त्याची वापरलेली डिझेल पिकअप घेतली. तिचे गियर आपले आपण बदलतात. असल्या गाडीला आमच्याकडं लोक भितात, म्हणून ती मला परवडली. घेतली होती धंद्यासाठी. पण अण्णांनी दार उघडून पायापाशी वाकून पाहिलं, दोनच पेडल दिसली, आणि लेकीनं आपल्यासाठी बिनक्लचची गाडी आणली असं त्यांनी संध्याकाळपर्यंत गल्लीभर करून टाकलं.

मलाही तोंडावर नाही म्हणवेना. मी किल्ली दिली. पुढं आई बसली, मांडीवर शेंगाचटणीचा डबा घेऊन, मावशीला द्यायचा म्हणून. मी मागच्या सीटवर. अण्णांनी गाडी झकास बाहेर काढली. चौकात वळताना मात्र त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला. क्लच नव्हता, ब्रेकचं भलं रुंद पेडल होतं, आणि तो पाय हळू दाबायला कधी शिकलेलाच नव्हता. गाडी जागच्या जागी खिळली. आई पट्ट्यामुळं जागेवर राहिली, चटणी पुढच्या काचेपर्यंत गेली. अजून एसी लावला की लसणाचा वास येतो.

त्या दिवसापासून किल्ली ज्वारीच्या डब्यात. अण्णांनी घर पालथं घातलं, माझी पर्स तपासली, देव्हाऱ्यामागं हात घालून पाहिला. ज्वारीच्या डब्यात हात घालायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती, म्हणून तर मी ती जागा निवडली होती. मग त्यांनी गाडी धुवायचं काम मागून घेतलं. मी दार उघडून द्यायचे आणि किल्ली परत घेऊन जायचे. गाडी दहा मिनिटांत धुऊन व्हायची, अण्णा तासाभरानं बाहेर यायचे. आत बसून ते कप्प्यातलं गाडीचं पुस्तक चाळत. पुस्तक इंग्रजी, अण्णा सातवी पास. चित्रं बघत असतील, म्हणून मी सोडून दिलं.

आणखी एक नवीन खूळ त्यांनी त्याच सुमारास काढलं. जेवायला टेबलाशी बसले की खांद्यावरच्या टॉवेलनं डावा पाय खुर्चीच्या पायाला बांधून घ्यायचे. आईनं विचारलं तर म्हणाले, गुडघ्याचा व्यायाम आहे. पंधरा दिवस हा व्यायाम रोज दोन वेळा चालला. मध्येच वाढून घ्यायला उठायचे तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरापर्यंत यायची. आम्ही मायलेकी तोंडाला पदर लावून हसायचो.

धंद्याच्या फेऱ्यांना ते माझ्या शेजारी बसून यायचे. गाडी नाही तर नाही, निदान कंडक्टरकी तरी. बोटातल्या अंगठीनं डॅशबोर्डवर एकदा टक केलं की थांब, दोनदा केलं की चल. मी चाळिशी ओलांडलेली बाई, स्वतःच्या गाडीत बापाच्या बेलवर थांबत आणि निघत होते. मला राग यायचा. पण किल्ली मीच दडवून ठेवली होती, तेव्हा एवढा जाच सोसणं भाग होतं.

आता बटणाचं सांगते. गियरच्या दांड्यापाशी एक छोटं बटण होतं, त्यावर गाडीमागं गाडा जोडल्याचं चित्र. बिल्डर एवढंच म्हणाला होता, ओझं ओढताना दाबा. दाबलं की इंजिन जोरात घुमायचं, वरचा गियर लवकर टाकायचं नाही, आणि गाडीच्या अंगात आल्यासारखं वाटायचं. पहिल्या आठवड्यात गाडा न जोडताच मी ते मंगळवेढ्याच्या सरळ रस्त्यावर दाबलं, नुसता अण्णांना रुबाब दाखवायला. अण्णा डिझेलच्या काट्याकडं बघत बसले. मग मी माझा नियम ठरवला. चढ आला की बटण दाबायचं, उतार लागला की बंद. उतारावर गाडी तशीही आपसूक जाते, तिथं इंजिन ओरडवून डिझेल कशाला जाळायचं? आमच्याकडं उताराला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आहेत, त्या मानानं मी शहाणीच होते.

तुळजापुरातलं एक लग्न आटोपून आम्ही दुपारी परत निघालो. मागं जनरेटर. त्या गाड्याला स्वतःचा ब्रेक नाही, त्याचा सगळा भार माझ्या पायावर. घाट सुरू झाला तसं मी नियमाप्रमाणं बटण बंद केलं. इंजिन शांत झालं, गाडी वरच्या गियरला गेली आणि सुटली. मी ब्रेक दाबला. सोडला की पुन्हा सुटायची. दर वळणाला जनरेटर मागनं ढकलत होता. चौथ्या-पाचव्या वळणाला जळका वास आला. मी अण्णांना म्हटलं, पुढच्या ट्रकचा आहे. पुढं ट्रक नव्हता. पेडल आता निम्म्यापर्यंत आत जात होतं आणि मला खरंच भीती वाटली. ती कबूल कुणापुढं करणार, ज्याला मी गाडी देत नव्हते तोच शेजारी बसला होता.

अण्णांनी डॅशबोर्डवर एकदा टक केलं.

मी म्हटलं, अहो, इथं कुठं थांबू? त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"एक बेल झाली की ड्रायव्हर इचारत न्हाय, जागा बघून थांबतो," ते म्हणाले.

पुढच्या वळणानंतर कडेला रुंद जागा होती. होता नव्हता तेवढा जोर लावून मी गाडी तिथं उभी केली. अण्णा लंगडत उतरले, पुढच्या चाकाजवळ पालथा हात नेला आणि चटकन मागं घेतला. मी पाण्याची बाटली घेऊन धावले, चाकावर ओतायला. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, झाकण उघडलं आणि मलाच प्यायला लावलं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकलं तर ते तडकतं, असं त्यांचं म्हणणं. बाई तडकत नाही का, असं मी विचारणार होते, पण तोंडात पाणी होतं.

अर्धा तास आम्ही कठड्यावर बसलो. अण्णांनी गाडीतलं पुस्तक आणलं आणि पेन्सिलीनं खूण केलेलं पान माझ्यापुढं धरलं. बटणाच्या चित्राखाली दोन उतार काढले होते. एकावर गाडा जोडलेली गाडी वर चढत होती, दुसऱ्यावर तीच गाडी खाली उतरत होती. इंग्रजीतला मजकूर माझ्यासाठी होता, मी तो कधी वाचला नव्हता.

"चढताना इंजिन वढतंय, उतरताना इंजिनानंच धराय पायजे," अण्णा म्हणाले. "ज्या गियरात घाट चढायचो, त्याच गियरात आमी उतरायचो. ब्रेक थांबायला असतंय. हे बटण तुझ्यासाटी तोच गियर धरून ठिवतंय, आन तू ते नेमकं उतारालाच बंद करतीस."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, कंडक्टरला कोण इचारतंय. हे मला झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं.

चाकं निवली. मी किल्ली त्यांच्यापुढं धरली आणि लगेच मनात चरकले, कारण डोळ्यांपुढं काचेवरची चटणी आली. अण्णांनी आधी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं लायसन काढून दाखवलं. डॉक्टरांचा दाखला देऊन त्यांनी ते आमच्या नकळत नवीन करून आणलं होतं. मग ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले, खांद्यावरचा टॉवेल काढला, आणि खाली वाकून डावा पाय सीटच्या लोखंडाला बांधला. गाठ मारली, ओढून पाहिली.

माझ्या एकदम लक्षात आलं. पंधरा दिवस, दोन वेळा, खुर्चीला बांधलेला तो पाय. माणूस जेवताजेवता आपल्या पायाला गप्प राहायला शिकवत होता आणि आम्ही पदर लावून हसत होतो. मला लाज वाटली. रडूही आलं, पण त्या टॉवेलाकडं बघून हसूही येत होतं, त्यामुळं दोन्ही नीट जमलं नाही.

त्यांनी बटण दाबलं. गाडी गुरगुरत, खालच्या गियरला धरून, बैलाला वेसण धरून उतरवावं तशी घाट उतरली. वळणाआधी अण्णा ब्रेकला एकदा पाय लावायचे, की गियर आणखी खाली यायचा आणि गाडी तिथंच रेंगाळायची. डावा पाय दोनदा तटतटला. टॉवेल सोलापूरचा होता, तो हलला नाही.

सपाटी लागली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली. मला उतरवून चाकाजवळ हात न्यायला लावला. भाकरी तव्यावरून काढून थोडा वेळ झाला की असते तेवढंच ते कोमट होतं. ते वर बसूनच म्हणाले, आता रस्ता सरळ हाय, बटण बंद. मग त्यांनी टॉवेल सोडायला घेतला आणि किल्ली माझ्यापुढं केली. म्हणाले, "धर. तितंच ठिव जा, ज्वारीच्या डब्यात."

म्हणजे त्यांना माहीत होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. मी किल्ली न घेताच वळसा घालून कंडक्टरच्या बाजूला जाऊन बसले, पट्टा लावला. माझ्या बोटात अंगठी नव्हती, म्हणून हातातल्या बांगडीनं मी डॅशबोर्डवर दोनदा टक टक केलं.