स्टेजकडं पाठ

कार्यक्रम कुठलाही असो, हा बाबा स्टेजला पाठ टेकून, पब्लिककडं तोंड करून मांडी घालायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "गाणं काय, कानात येतंयच की. बगायची ती माणसं बगा."

तुम्ही कोल्हापुरात चार कार्यक्रम बघितले असतील तर हा तुम्हाला दिसला असणार. कानाला पेन्सिल, खिशात पाना, पायात एका रंगाच्या चपला क्वचितच. आमचा मांडववाला. खुर्च्या, सतरंज्या, पडदे भाड्यानं द्यायचा. माझी कंबर चालत होती तोवर मी त्याच्याकडं खुर्च्या उतरवायला होतो. शिकलेलं दोघांनी सारखंच, म्हणजे नसल्यासारखं.

सवय लागली ती धंद्यापायी. कोण खुर्चीवर उभा राहून नाचतोय, कुठं पाय मोडतोय, हे बघायला तोंड तिकडंच ठेवावं लागायचं. पुढं खुर्च्या राहिल्या बाजूला आणि हा माणसंच बघायला लागला. भाषण असू दे नाहीतर लावणी, टेम्पोत बसला की सुरू. "आण्णा, तिसऱ्या रांगेतलं ते जाडं बेणं आज रडलं बग. बायको शेजारी हुती म्हणून घाम पुसल्यावानी केलं." स्टेजवर कोण होतं विचारलं तर म्हणायचा, "कोन की."

हे सगळं मी सांगतोय ते एका संध्याकाळपायी. त्या संध्याकाळी त्यानं माझ्या बायकोचं तोंड बघितलं. मी बघितलं नाही.

आमच्या गल्लीमागच्या मैदानावर परगावचा मोठा वाद्यवृंद येणार होता. रिक्षावर भोंगा लावून ओरडत गेले, ऑर्केस्ट्रा, ऑर्केस्ट्रा. लोकांनी धरलं, सिनेमाची गाणी असणार. मैदान भरलं. बायकोचं दुखणं तेव्हा वाढलेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलेलं, आणि तिला ते न सांगता कळलेलं. ती म्हणाली, "अहो, मला ते ऐकायचं हाय. न्या."

नेली. मांडववाल्यानं आम्हाला लांबूनच बघितलं. पुढच्या रांगेतली गादीची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. "बसा वैनी, ऐसपैस." मंडळाचा एक माणूस पळत आला.

"अहो, ती साहेबांची हाय!"

"मग?"

"साहेब आल्यावर काय करू?"

"उभं करा की. तरनं हाईत साहेब."

काळ्या कोटातली ढीगभर माणसं येऊन बसली. व्हायोलिनं, पितळेची मोठमोठी वाद्यं. त्यांचा मास्तर बारकी काठी घेऊन आला, वाकला, आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. आता कोल्हापुरात हे कसं चालायचं? मागनं आरोळी आली, "ओ मास्तर, त्वांड हिकडं!" दुसरा म्हणाला, "गानारी कुटं हाय?" मांडववाला स्टेजखाली आमच्याकडं तोंड करून बसलेला, त्याच्या डोक्यावर तो मास्तर पलीकडं तोंड करून. दोघं पाठीला पाठ. बायको तेवढ्यावरच हसली.

वाजवायला लागले आणि मैदान गप झालं. मला त्यातलं काही कळत नाही, पण अंगावर काटा आला हे खरं. मध्येच ते थांबले. झालं म्हणून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, शिट्ट्या मारल्या, एकानं टोपी उडवली. आणि संपलंच नव्हतं! वाजवणारे तसेच हात वर धरून बसलेले. पुढची चार शिकलेली माणसं मागं वळून "शूऽऽ" करायला लागली. मागनं आवाज, "का रं? आवडलं तर टाळी बी न्हाय?" पण लोक वरमले. पुढं दोनदा थांबले तेव्हा कोणी बोट हलवलं नाही.

मग खरंच संपलं. मास्तर आमच्याकडं वळला. आणि एवढ्या मैदानात एक टाळी नाही. पुन्हा चुकायला नको म्हणून सगळे हाताची घडी घालून बसलेले. मास्तराचा चेहरा उतरला. मी त्याच्याकडंच बघत राहिलो, आता हा काय करतो म्हणून.

तेवढ्यात एक टाळी वाजली. बारीक, वाळकी. माझ्या शेजारनं. मग मैदान जे फुटलं, विचारू नका. मी वळलो तोवर सगळे उठलेले, आणि ती पदर डोळ्याला लावून बसलेली.

पावसाळा काही तिनं काढला नाही.

नंतर मी त्याच्या गोदामात जाऊन बसायला लागलो. हा सतरंजी शिवत असायचा.

"सांग."

"काय?"

"तेच."

"आण्णा, किती येळा रं?"

"सांग म्हनतोय न्हवं."

दाभण खाली ठेवायचा. "सगळी माती खाल्ल्यावानी बसल्याली. वैनींनी आदी तुज्याकडं बगितलं. वाजवू का, इचारल्यावानी. तू बगत हुतास त्या मास्तराकडं. मग त्या आपल्या आपनच हसल्या. पोरीसारक्या हसल्या, आण्णा. आनि वाजीवली."

एकदा म्हणाला, टाळी वाजवताना त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं. मी म्हणालो, "हे गेल्या खेपेला न्हवतं."

"गेल्या खेपेला गडबडीत हुतो."

खरं का खोटं, मी पुढं विचारलं नाही. पदर दातात धरायची तिला सवय होती खरी, पण ती त्याला कुठनं माहीत असणार? म्हणजे खरंच असेल.

मागल्या साली त्यानं धंदा विकला आणि मलकापूरला लेकीकडं राहायला गेला. थंडीत तिकडंच गेला. मला कळलं तोवर राख सावडून झाली होती. तरी गेलो. लेकीनं चहा दिला. काही काम होतं का, म्हणाली. मी नाही म्हणालो.

तिचं ते हसणं बघितलेला माणूस आता कोणी उरला नाही. माझ्याकडं आहे ते ऐकलेलं.