फक्त वाचायची परमिशन

पापडीला मी ज्या फोटो स्टुडिओत काम करतो ना, तिथे नेटवर्कचं काम करायला एक माणूस येतो. अर्नाळ्याचा आहे. इतक्यांदा आलाय, पण नाव मी कधी विचारलंच नाही, खरंच! कोणी पासवर्ड टाकायला लागलं की हा खुर्ची फिरवून भिंतीकडे बघत बसतो. स्वतः फोल्डरचा पत्ता टाईप करताना मात्र प्रार्थना म्हटल्यासारखा पुटपुटतो.

परवा सगळी जुनी लग्नं क्लाउडवर चढवायची होती, कारण ती ज्यात साठवलेली तो हार्ड डिस्कचा डबा खडखडायला लागलेला. त्यातच आमच्या मालकांच्या, म्हणजे अंकलच्या, बायकोचा एकुलता एक व्हिडिओ. आंटी गेल्या वर्षी वारल्या.

"अरे बाबा, डब्याची सगळी परमिशन घे ना!" अंकल वैतागले.

"नको अंकल. मला फक्त वाचायची द्या. माजा हात चुकला तरी कायच पुसलं जानार नाय."

संध्याकाळी सगळं चढलं. त्याने क्लाउडवरून आंटींचा व्हिडिओ उघडला, चित्र हलतंय एवढं बघितलं, स्क्रीन अंकलकडे वळवली आणि स्वतः भिंतीकडे फिरला.

अंकल बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "झालं ना? आता डब्यातलं पुसून टाक. भंगारात देऊ."

"ते तुमालाच करायला लागंल, अंकल. मला परमिशन नाय."

अंकलनी माऊस धरला. मग सोडला.

त्याने खिशातला रुमाल काढला, घडी करून डब्याखाली सरकवला, खडखड जरा कमी झाली तसा तो चपला घालून निघून गेला.