पुठ्ठ्यावरच्या कुकरची पूजा

"सायब, मशीन कुठं हाय? हितं तर नुसता पुठ्ठा हाय," मारोतराव म्हणाले आणि अख्खं गोदाम माना वळवून बाहेर अंगणातल्या पुठ्ठ्याकडं बघू लागलं. आत लावलेल्या पडद्याकडं एकजण बघेल तर शपथ!

वसमतजवळच्या गावात हळद पिकवणाऱ्यांचा गट होता, मारोतराव त्याचे अध्यक्ष. मी हळदीचे कुकर विकायचो. कुकर म्हणजे एक बॉयलर आणि वाफेवर हळद शिजवणारे मोठाले ड्रम. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. कंपनीनं नवं सॉफ्टवेअर दिलं होतं. काळ्या चौकटीचा पुठ्ठा जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर कॅमेरा रोखायचा. कॅमेरा चौकट ओळखतो, तिथं चित्र बसवतो, आणि पडद्यावर खऱ्या अंगणात खोटा कुकर उभा राहतो. याला आमचे मॅनेजरसाहेब मिक्स्ड रिॲलिटी म्हणायचे. मला ते नीट म्हणताही येत नव्हतं, पण टाय घातला होता.

ही ऑर्डर गेली तर हिंगोलीची शाखा बंद आणि तुझी बदली गुजरातेत, असं साहेबांनी येताना गाडीतच ऐकवलं होतं. बायकोला नुकतीच कळमनुरीला शाळेत नोकरी लागलेली.

"पडद्याकडं बघा, पडद्याकडं!" मी ओरडलो. लोक वळले. कुकर दिसल्यावर "आरं बाप!" झालं. मला चेव चढला आणि नको तो शहाणपणा सुचला. "मारोतराव, नवं मशीन आलंय, पूजा करूनच घ्या की!"

मी गमतीनं म्हणालो. त्यांनी गमतीत घेतलं नाही. नव्या मशीनला हळदकुंकू लावल्याशिवाय तिथं कुणी हात लावत नाही. ताट आलं. पुठ्ठ्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, फुलं वाहिली, नारळाचं पाणी शिंपडलं. कॅमेऱ्यामागं मीही हात जोडून उभा!

काळी चौकट हळदकुंकवाखाली झाकली, कॅमेऱ्याला ती ओळखू येईना. पडद्यावरचा कुकर थरथरला आणि गडप झाला.

"गेला काहून?" एकानं विचारलं.

"निवद ऱ्हायला असंल," मागून दुसरा म्हणाला. गोदामभर हशा पिकला.

"दुसरा पुठ्ठा काढ," साहेब दातओठ खात म्हणाले.

"हिंगोलीला टेबलावर राहिला, सर."

मग काय करता! टाय खिशात कोंबला, चुन्याची फक्की मागून घेतली आणि अंगणात खऱ्या मापानं कुकर आखला. बॉयलरच्या जागी मारोतरावांना उभं केलं, ड्रमच्या जागी चौघांना. "तुमी वाफ सोडा, तुमी हळद घ्या," म्हणत मी स्वतः हळद आणणारी ट्रॉली झालो आणि वळताना विहिरीच्या कठड्यावर जाऊन आपटलो.

"थांबा!" बॉयलर बोलला. "ट्रॉली वळून न्हाई राहिली. चला सगळे लिंबाखाली."

सगळे ड्रम चालत लिंबाखाली गेले. तिथं कुकर नेमका कुठं बसवायचा यावरून, जणू तो विकतच घेतलाय अशी, जोरात भांडणं लागली. इतका आनंद झाला मला, की गुडघा सुजलाय हे घरी गेल्यावर कळलं.

"आता बराबर समजलं," मारोतराव म्हणाले. "पाठवा मशीन."

शाखा वाचली. नव्या सॉफ्टवेअरनं कमाल केली, असं साहेबांनी पुण्याच्या मुख्य कचेरीला कळवलं. मी मुकाट्यानं अभिनंदन घेतलं, आणि बाकीच्या शाखांना ते शिकवायचं कामही गळ्यात पडलं. शिकवताना मी आधी एवढंच सांगायचो: कुठं बघायचं ते लोकांना पहिल्यांदा सांगा, आणि पूजा मशीन आल्यावर करा.