उकळलेला ताईत

चि. मृणाल आणि चि. केदार,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडलात. कुठल्याशा मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येतं, तो व्हिडिओ तुम्ही मलाही पाठवला होता. केदारचं म्हणणं, भिंतीतली ओल आहे. मृणालचं म्हणणं, इतकी माणसं काय खुळी आहेत? मग दोघंही म्हणालात, आजी, तू आर्मीत होतीस, तू सांग. मला फोनवर नीट बोलता येत नाही, ऐकूही कमी येतं. आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी एखादी गोष्ट पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. म्हणून लिहिते आहे. निकाल मी देणार नाही. याच वादाचा निकाल एकदा हात वर करून लागलेला मी पाहिला आहे. त्यानंतर काय झालं ते सांगते.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. आपलं घराणं बंगळूरचं जुनं, पेटेतलं, म्हणजे जुन्या बाजारपेठेतलं. घरात मराठी, दारात कन्नड, शाळेत इंग्रजी. मुलीने नर्स व्हावं हे माझ्या आईला पसंत नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, फक्त ‘सरी’, म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि ट्रंक आणायला गेले. पहिलं पोस्टिंग उत्तरेत झालं. दुसरं आपल्याच गावी, छावणीतल्या लष्करी इस्पितळात. घरापासून बसने अर्ध्या तासाचं अंतर होतं, पण राहायचं मेसमध्येच.

सर्जिकल वॉर्ड म्हणजे एक लांब बराक होती. दोन्ही बाजूंना खाटा, बाहेर रुंद व्हरांडा. सकाळी सहाला टेंपरेचर, सातला ड्रेसिंग, नऊला मेजरसाहेबांचा राउंड. चादरीची घडी चुकली तर मेट्रनबाई बोलत नसत, नुसत्या उभ्या राहत. ते जास्त लागायचं.

त्रेसष्टच्या सुरुवातीला हिमदंशाचे पेशंट आले. बासष्टच्या लढाईत जे डोंगरावर अडकले, कॅनव्हासच्या बुटांत बर्फातून चालत उतरले, त्यांपैकी काही जवान वेगवेगळ्या इस्पितळांतून फिरत आमच्याकडे पोहोचले. हिमदंशात बोटं आधी पांढरी पडतात, मग काळी, कोळशासारखी. पाहणाऱ्याला वाटतं, हे मेलं, कापून टाका. आमचे सर्जन मेजर थॉमस कापत नसत. काळा भाग कोरडा असेल तर थांबायचं, अशी त्यांची पद्धत. जिवंत आणि मेलेल्या मांसामधली रेघ शरीर स्वतःच आखतं. आठवडे लागतात, कधी महिने. तोवर पाय उघडा, स्वच्छ आणि कोरडा ठेवायचा. ते काम आमचं.

मेजर थॉमस केरळचे. आई रोज चर्चला जाणारी, आणि हे देव न मानणारे. तेही चारचौघांत. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये एक तेल मिळे, ते लावून आंधळा पाहू लागला असं सांगत. मेजर म्हणत, आंधळा माझा मामा होता, त्याला आधीपासून दिसत होतं, फक्त काम दिसत नव्हतं.

त्यांना वादाला जोडीदार मिळाले ते पंडितजी. पंडितजी म्हणजे शेजारच्या ट्रेनिंग सेंटरचे धर्मगुरू, सुभेदार, कुमाऊँकडचे. लष्करात हे पद असतं. गणवेश तोच, काम प्रार्थनेचं. रोज दुपारी ते वॉर्डात येत, प्रत्येक खाटेजवळ थांबत. मुसलमान, ख्रिश्चन, शीख, कोणालाही वगळत नसत. मेजर आणि ते व्हरांड्यात भेटले की वाद ठरलेला. हिंदीत चाले, मी मराठीत लिहिते आहे.

हवालदार रामकरणच्या दोन्ही पायांची बोटं काळी होती. पंडितजींनी हवनाची राख आणली. पायाला लावू का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. मेजर म्हणाले, कपाळाला लावा, कपाळ माझ्या विभागात येत नाही. तेव्हापासून रोज राख कपाळाला लागली आणि रोज ड्रेसिंगही झालं. एका सकाळी मी पट्टी काढत असताना काळं कवच मोज्यासारखं सुटून आलं. आत गुलाबी, कोवळी कातडी. दहाच्या दहा बोटं जागेवर होती. रामकरणने हात जोडले. सगळा वॉर्ड खाटांवर उठून बसला.

चमत्कार, असं पंडितजी म्हणाले. मेजर म्हणाले, चमत्कार एवढाच, की मी सुरी खिशात ठेवली.

आमच्या कमांडिंग ऑफिसरांना मनोरंजनाची फार काळजी. त्यांनी शनिवारी दुपारी रिक्रिएशन रूममध्ये डिबेटच ठेवला. विषय, चमत्कार खरे असतात. मी दोघांनाही ओळखत होते आणि कॉन्व्हेंटमध्ये डिबेट केलेले होते, म्हणून घंटा माझ्या हातात दिली. जे चालू शकत होते ते चालत आले, बाकीच्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलत आणल्या.

मेजर चांगलं बोलले. बोटं वाचली तर देवाने वाचवली, आणि कापावी लागली तर थॉमसने कापली, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. जवान हसले. पंडितजी उठले.

“साहेब, तुम्ही थांबलात. थांबायची बुद्धी कोणी दिली?”

“माझ्या प्रोफेसरांनी. पुष्कळ शिव्या देऊन.”

“आणि त्यांना कोणी दिली?”

मेजर म्हणाले, “आधी घाईने कापलेल्या पायांनी.”

त्यावर कोणी हसलं नाही. पण पंडितजींनी पुढचा प्रश्न टाकला. एकाच ट्रकमधून आलेल्या, एकाच सर्जनच्या हाताखालच्या दोघांपैकी एकाचा पाय वाचतो, दुसऱ्याचा जातो. हे का, ते सांगा. मेजर प्रामाणिक माणूस. म्हणाले, ते मला माहीत नाही. पंडितजी खाली बसले. मला माहीत आहे, असं तेही म्हणाले नाहीत, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मी मतं घेतली. पंडितजींच्या बाजूने सगळी खोली, बोटं नसलेले हातसुद्धा. मेजरांच्या बाजूने एकच हात वर गेला. तो त्यांचा स्वतःचा होता. कमांडिंग ऑफिसरांनी दोघांनाही चहा पाजला. इथवर सगळी गंमतच होती.

रामकरणच्या शेजारच्या खाटेवर शिवलिंगप्पा होता, बेळगावकडच्या खेड्यातला शिपाई, बावीस वर्षांचा. त्याला मराठी येई आणि मला कन्नड, म्हणून एरवी तो मला अक्का म्हणे, ऑफिसरांसमोर सिस्टर. त्याचा डावा पाय घोट्यापर्यंत काळा होता, पण कोरडा. डिबेटनंतरच्या आठवड्यात पट्टी काढताना मला वास आला. काळ्या भागाच्या कडेला ओल होती. संध्याकाळी ताप एकशे तीन. पाय ओला झाला की थांबण्याचा नियम संपतो. विष वर चढतं. पेनिसिलिन चालू होतं, त्याने फक्त वेळ मिळत होता. मेजरांनी सकाळी पाहिलं आणि सांगितलं, गुडघ्याखाली कापावं लागेल, आजच.

शिवलिंगप्पा नाही म्हणाला.

मेजरांनी दोन्ही पायांतला फरक त्याला समजावला. कोरडं आणि ओलं, रामकरणचा पाय आणि हा पाय. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“हवालदारांचाही काळाच होता, साहेब.”

“त्यात विष नव्हतं.”

“तुम्ही शनिवारी हरलात, साहेब. सिस्टरनी मतं मोजली.”

रामकरण शेजारून म्हणाला, “अरे गधड्या, ऐक त्यांचं.” शिवलिंगप्पाने भिंतीकडे तोंड केलं. हुकूम देऊन चढाई करवता येते, पाय कापता येत नाही. मेजर जितकं समजावत तितका तो घट्ट होई, कारण आता त्याला वाटत होतं की साहेब हरलेला डाव पुन्हा मांडताहेत. मेजरांना ते कळलं. ते बोलायचे थांबले आणि मला म्हणाले, पंडितजींना बोलवा. मी सेंटरला फोन लावला. मेजर थॉमस यांची विनंती, सुभेदारसाहेबांनी ताबडतोब यावं. पलीकडून विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, अजून नाही.

पंडितजी सायकलवर आले. व्हरांड्यात मेजरांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पंडितजींचा चेहरा उतरला. जिंकलो ते याच्यासाठी नव्हे, एवढंच बोलून ते आत गेले.

मला वाटलं होतं की ते आज्ञा करतील, किंवा चमत्कार नसतात असं सांगतील. त्यांनी तसं काही केलं नाही. खाटेच्या कडेवर बसून त्यांनी शिवलिंगप्पाला गावाविषयी विचारलं. घरी कोण, जमीन किती, देवी कोणती. मी भाषेसाठी जवळ उभी होते. बऱ्याच वेळाने त्याने दंडावरचा ताईत दाखवला. लाल दोऱ्यात ओवलेली तांब्याची नळी. भरती होताना आईने गावच्या देवीपुढे बांधला होता, परत दारात येईपर्यंत सोडायचा नाही या बोलीवर. डोंगर उतरताना बरोबरचे दोघे बसले ते उठले नाहीत. हा उतरला.

मग तो माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाला, “अक्का, पाय गेला तर जाऊ दे. पण थिएटरात हे काढायला लावतात. हे काढलं तर मी उठणार नाही.”

नियम तसाच होता. ऑपरेशन थिएटरमध्ये अंगठी, जानवं, क्रॉस, कडं, दोरा, काहीही चालत नसे. पहिल्या दिवसापासून मी स्वतः कित्येकांच्या अंगावरचं उतरवून रुमालात बांधून ठेवलं होतं. त्याने ते कित्येक आठवडे पाहिलं होतं. आम्ही पायावर वाद घालत होतो आणि त्याचा जीव दंडावर होता.

मी पंडितजींना हिंदीत सांगितलं. ते बाहेर मेजरांकडे गेले.

“साहेब, ताईत का चालत नाही?”

“जंतू. दोरा वर्षानुवर्षं घामात भिजलेला असतो.”

“तुमची सुरीही अंगाला लागते. तिचं काय करता?”

“उकळतो.”

“मग हाही उकळा.”

मेजरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “उकळल्यावर याची शक्ती राहते?” चेष्टा नव्हती. पेशंटला काय सांगायचं ते त्यांना नक्की हवं होतं.

“उकळून जाणारी शक्ती असती तर त्या दिवशी तुमच्याशी कशाला भांडलो असतो?” पंडितजी म्हणाले.

एक अडचण उरली. काढल्याशिवाय उकळणार कसं? पंडितजींनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढून शिवलिंगप्पाच्या गळ्यात घातली. तुझा ताईत परत दंडावर येईपर्यंत माझी माळ तुझ्याकडे, ती थिएटरच्या दारात मला परत द्यायची. त्याने विचार केला. मग त्याचीही एक अट निघाली. जो कापणार त्यानेच बांधायचा.

मेजर म्हणाले, “ठीक.”

मी ताईत वेगळ्या भांड्यात उकळला, कारण दोऱ्याचा रंग सुटला असता आणि तसा तो सुटलाच. मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी सांगितलं, मेजरसाहेबांचा हुकूम. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, म्हणाल्या, पूर्ण वेळ उकळा, आणि गेल्या.

दारात माळ परत गेली. आत टेबलावर मेजरांनी हात धुऊन, हातमोजे चढवून, चिमट्याने तो गुलाबी झालेला दोरा उचलला आणि शिवलिंगप्पाच्या दंडावर बांधला. सर्जनची गाठ, दोनदा फिरवलेली. शिवलिंगप्पाने विचारलं, घट्ट आहे का? “माझी गाठ सुटत नाही,” मेजर म्हणाले. मग हातमोजे बदलले आणि भूल दिली गेली. एका माणसाला मरू द्यायचं नाही यापलीकडे त्या खोलीत दुसरं मत नव्हतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पंडितजी मेजरांना म्हणाले, हे तुमचं काम. मेजर म्हणाले, नाही, मतं तुमच्या बाजूची आहेत. पुढे दोघांचे वाद पूर्वीसारखेच चालू राहिले, फक्त वॉर्डाच्या आत नाही. पेशंटला ऐकू जाणार नाही इतकं लांब, झाडाखाली उभं राहून भांडत. त्यानंतर माझ्या हाताखाली जो पेशंट थिएटरला गेला, त्याच्या अंगावरचं काही उतरवण्याआधी ते कोणी दिलं हे मी विचारत असे. हे मला त्या दोघांनी मिळून शिकवलं. मी दोघांचीही ऋणी आहे. कोणाची अधिक, हे आजही सांगता येत नाही.

पासष्टच्या सप्टेंबरात मेजर थॉमस पुढच्या भागातल्या ड्रेसिंग स्टेशनवर होते. तिथे गोळा पडला. ते जखमीवर ओणवे होते, असं मागून आलेल्या एका हवालदाराने सांगितलं. जखमी वाचला.

सेंटरच्या प्रार्थनास्थळी सगळे जमले. पंडितजी पुढे उभे राहिले. प्रत्येक शहिदासाठी ते त्याच्या धर्माचे शब्द म्हणत, त्यांना सगळे पाठ होते. त्या दिवशी त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि काहीच म्हटलं नाही. बराच वेळ. शेवटी एवढंच बोलले, “साहेबांना हे आवडलं नसतं. म्हणून मी गप्प आहे.” मग सॅल्यूट केला. आम्हीही केला.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. लग्न केलं की नर्सिंग ऑफिसरला नोकरी सोडावी लागे, तसा तेव्हाचा नियम होता. मी सोडली. पंडितजी निवृत्त होऊन डोंगरात परत गेले आणि तिथेच वारले. रामकरण आपल्या दहा बोटांनिशी पासष्टच्या लढाईला गेला आणि परत आला नाही.

शिवलिंगप्पा आहे. लाकडी पायावर गावी गेला, दारात पोहोचला, आईने ताईत सोडला. तीन मुलं झाली. आता इथेच बंगळुरात, महादेवपुऱ्याला नातवाकडे असतो. कानाने माझ्याहून बरा आहे, फोन त्याला करा.

तुमची,
आजी